बहिर्वक्र इष्टतमीकरणाच्या मांडणीतील दोषनिवारण (पायथन)

बहिर्वक्र इष्टतमीकरणाच्या मांडणीतील दोषनिवारण म्हणजे एखादा व्यावहारिक प्रश्न पायथन या संगणकभाषेत बहिर्वक्र इष्टतमीकरणाचा प्रश्न म्हणून लिहिताना राहणारे दोष शोधणे आणि प्रश्नाचा मूळ अर्थ न बदलता ते दूर करणे होय. असे प्रश्न लिहिण्यासाठी पायथनमध्ये सीव्हीएक्सपाय ही मुक्त लायब्ररी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. प्रस्तुत लेखातील विवेचन मुख्यतः तिच्या अनुषंगाने आहे. काही वेळा मांडणी बहिर्वक्र असूनही लायब्ररीला ती तशी ओळखता येत नाही. काही वेळा मांडणी मुळातच बहिर्वक्र नसते. काही वेळा मात्र मांडणी स्वीकारली जाते, उत्तरही मिळते, पण ते भलत्याच प्रश्नाचे असते. या शेवटच्या प्रकारात कोणताही दोषसंदेश येत नाही, म्हणून तो सर्वांत घातक मानावा लागतो.

स्पष्टीकरणासाठी या लेखात रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यातील खोपोली आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथील जलविद्युत केंद्रांवर बेतलेले एक उदाहरण घेतले आहे. त्यातील भाव, आवक, मर्यादा इत्यादी आकडे समजुतीपुरते आहेत. त्या केंद्रांचे प्रत्यक्ष नियोजन याच पद्धतीने होते, असा त्याचा अर्थ नाही.

संज्ञा

'बहिर्वक्र' हा शब्द शालेय विज्ञानातून परिचित आहे. बहिर्वक्र भिंग मध्यभागी फुगीर असते. त्यामुळे 'बहिर्वक्र फलन' म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर पालथ्या वाटीसारखा आलेख उभा राहतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बहिर्वक्र फलनाचा आलेख सरळ ठेवलेल्या वाटीसारखा असतो आणि अंतर्वक्र फलनाचा पालथ्या वाटीसारखा. येथे फुगीरपणा पाहायचा तो आलेखाच्या रेषेचा नव्हे, तर तिच्या वर पसरलेल्या प्रदेशाचा. हा प्रदेश बहिर्वक्र संच असतो, म्हणजे त्यातील कोणतेही दोन बिंदू जोडणारा रेषाखंड संपूर्णपणे त्याच प्रदेशात राहतो. मराठी माध्यमातून गणित शिकलेल्या वाचकाने ही गाठ आरंभीच सोडवून घेतलेली बरी, कारण पुढील निम्मे दोषसंदेश या एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहेत.

इष्टतमीकरणाच्या प्रश्नात तीन गोष्टी असतात : ज्यांची मूल्ये ठरवायची ते चल, जे किमान किंवा कमाल करायचे ते उद्दिष्ट फलन आणि पाळायच्या अटी. बहिर्वक्र फलन किमान करणे किंवा अंतर्वक्र फलन कमाल करणे, आणि तेही बहिर्वक्र संचावर, एवढीच मुभा या शाखेत असते. त्या बदल्यात मोठा लाभ मिळतो : सापडलेले स्थानिक इष्टतम उत्तर हेच सर्वांत उत्तम उत्तर असते. वाटीला तळ एकच असतो.

पार्श्वभूमी

या क्षेत्राच्या इतिहासात एक महत्त्वाचे मराठी नाव येते. ग्वाल्हेर येथे मराठी कुटुंबात जन्मलेले आणि मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर असलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना रेषीय प्रश्न सोडवण्याची एक नवी रीत प्रसिद्ध केली. शक्य उत्तरांच्या प्रदेशाच्या कडेकडेने न जाता आतून वाट काढत इष्टतम बिंदूकडे जाणे हे तिचे वैशिष्ट्य. या 'अंतर्बिंदू' पद्धती पुढे रेषीय प्रश्नांपलीकडे बहिर्वक्र प्रश्नांच्या मोठ्या वर्गापर्यंत विस्तारल्या. आज सीव्हीएक्सपायमागे काम करणाऱ्या ईकॉस, क्लाराबेल यांसारख्या सोडवणूक प्रणाली याच कुळातील आहेत.

प्रश्न सोडवणे सुकर झाले तरी तो प्रणालीला समजेल अशा साच्यात लिहिणे हे किचकट काम उरतेच. मायकेल ग्रँट, स्टीफन बॉइड आणि यिन्यू ये यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात त्यासाठी 'शिस्तबद्ध बहिर्वक्र प्रायोजन' ही नियमावली मांडली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला डीसीपी म्हणतात. स्टीव्हन डायमंड आणि स्टीफन बॉइड यांचा सीव्हीएक्सपायवरील शोधनिबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ही लायब्ररी त्याच नियमावलीवर उभी आहे.

उदाहरण : घाटमाथ्यावरचे पाणी

खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले. लोणावळा, वळवण व शिरोटा या तलावांचे पाणी खोपोलीला, तर आंध्रा नदीवरील ठोकरवाडीच्या तलावाचे पाणी भिवपुरीला सह्याद्रीच्या कड्यावरून नळांद्वारे उतरवले जाते. ही उतरण पाचशे मीटरांहून अधिक आहे. एरवी हे पाणी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात गेले असते. वीज निर्माण झाल्यावर खोपोलीचे पाणी पाताळगंगेला आणि भिवपुरीचे उल्हास नदीला मिळते. भिवपुरीच्या अवजलावर राजनाला कालव्याद्वारे कर्जत तालुक्यातील उन्हाळी भातशेती होते. म्हणजे एकाच पाण्याकडे मुंबईची सायंकाळची विजेची गरज, कालव्याखालचा शेतकरी आणि नदीकाठची गावे व कारखाने असे सगळे डोळे लावून असतात. पावसाळा जून ते सप्टेंबर; उरलेले आठ महिने साठ्यावर काढायचे.

यावर आधारित सोपा प्रश्न असा : येत्या २४ तासांत दर तासाला किती पाणी सोडावे म्हणजे विजेचे उत्पन्न कमाल होईल आणि कालव्यालाही पुरेसे पाणी मिळेल? चल दोन : दर तासाचा 'विसर्ग' आणि तलावातील 'साठा'. पाचशे मीटर उतरण व ८५ टक्के कार्यक्षमता धरल्यास एका घनमीटर पाण्यापासून सुमारे १.१६ युनिट वीज मिळते, म्हणजे एक दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाण्यापासून ११.६ लाख युनिट. खोपोलीची स्थापित क्षमता ७२ मेगावॅट आहे. या हिशेबाने ती पूर्ण वापरण्यास सेकंदाला सुमारे १७.३ घनमीटर, म्हणजे साधारण ६१० क्युसेक पाणी लागेल.

(पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीत देता येतात, त्यामुळे 'साठा' आणि 'विसर्ग' ही नावे संगणकाला चालतात. संहितेत थेट लिहिलेले अंक मात्र १, २, ३ असे न देता इंग्रजी वळणाचेच द्यावे लागतात.)

नियमावली कशी वाचते

सीव्हीएक्सपाय एखादे पद बहिर्वक्र आहे की नाही हे आलेख काढून किंवा विकलन करून तपासत नाही. लायब्ररीतील प्रत्येक मूलभूत फलनाची वक्रता, चिन्ह आणि ते वाढते आहे की घटते, एवढे तिला ठाऊक असते. पद आतून बाहेर वाचत जाऊन ती प्रत्येक पायरीवर नियम लावते. वाढत्या बहिर्वक्र फलनात बहिर्वक्र पद घातले तर निष्पन्न पद बहिर्वक्र. वाढत्या अंतर्वक्र फलनात अंतर्वक्र पद घातले तर अंतर्वक्र. नियम लागू पडला नाही की वक्रता 'अज्ञात' ठरते आणि प्रश्न सोडवायला सांगताच 'प्रश्न डीसीपी नियमांना धरून नाही' असा संदेश येतो. त्या संदेशात नेमके कोणते उपपद नियमबाह्य आहे तेही बहुधा दिलेले असते. ते न वाचताच संहिता उलटीपालटी करण्याची सवय फार आढळते. प्रत्येक पदाला त्याची वक्रता आणि चिन्ह विचारण्याची सोयही लायब्ररीत आहे. मोठ्या मांडणीत एकेक अट अशी स्वतंत्रपणे तपासली तर दोष काही मिनिटांत सापडतो.

येथे 'अज्ञात' याचा अर्थ 'बहिर्वक्र नाही' असा होत नाही. १ अधिक क्ष-वर्गाचे वर्गमूळ घ्या. हे फलन निःसंशय बहिर्वक्र आहे. पण लायब्ररीला दिसते ते असे : आत बहिर्वक्र पद, बाहेर वर्गमूळ हे वाढते पण अंतर्वक्र फलन. दोहोंचा मेळ बसत नाही, म्हणून नकार. तेच फलन (१, क्ष) या सदिशाची लांबी म्हणून 'नॉर्म' या फलनाने लिहिले की लगेच स्वीकारले जाते. वाक्याचा अर्थ बरोबर, पण रचना व्याकरणात न बसणारी, असा हा प्रकार. उपाय अर्थात पुन्हा लिहिणे.

क्ष ला क्ष ने गुणले तर लायब्ररीला दोन चलांचा गुणाकार दिसतो आणि ती अडते. 'स्क्वेअर' हे फलन किंवा दोनाचा घात वापरला की अडचण उरत नाही. घातांकी पदांच्या बेरजेचा लॉगरिदम सुटा सुटा लिहिल्यास नाकारला जातो, त्यासाठी 'लॉग-सम-एक्स्प' आहे. एका चलाच्या वर्गाला दुसऱ्या धन चलाने भागायचे असल्यास 'क्वाड-ओव्हर-लिन', धन चलाचा व्यस्त हवा असल्यास 'इन्व्ह-पॉस'. न्यूमपाय किंवा पायथनच्या गणित विभागातील वर्गमूळ, लॉगरिदम इत्यादी फलने चलांवर चालत नाहीत, कारण त्यांना प्रत्यक्ष संख्या लागते आणि चलाला अजून मूल्यच नसते; लायब्ररीची स्वतःची फलनेच वापरावी लागतात.

वर्गरूपासाठी असलेल्या 'क्वाड-फॉर्म' फलनाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. त्याला दिलेले मॅट्रिक्स सममित असावे लागते, आणि पद बहिर्वक्र ठरण्यासाठी त्याचे एकही आयगेनमूल्य ऋण नसावे लागते. निरीक्षणांवरून काढलेल्या सहप्रसरण मॅट्रिक्सचे सर्वांत लहान आयगेनमूल्य गणनेतील सूक्ष्म चुकीमुळे शून्याच्या किंचित खाली जाऊ शकते. अशा वेळी 'पीएसडी-रॅप' वापरून तपासणी टाळता येते. मात्र ते आयगेनमूल्य खरोखरच नगण्य आहे याची आधी खात्री करावी. अन्यथा ती दुरुस्ती नव्हे, तोंड दाबणे होय. मूळ आकडेवारी हाताशी असेल तर वर्गांची बेरीज म्हणूनच पद लिहिणे अधिक प्रामाणिक.

समानतेची अट सैल करणे

टर्बाइनची कार्यक्षमता सर्व विसर्गांना सारखी नसते. जास्त पाणी सोडले की घर्षणाने होणारा ऱ्हास वाढतो आणि दर घनमीटरमागे मिळणारी वीज थोडी कमी होते. म्हणून वीज हे विसर्गाचे अंतर्वक्र फलन धरतात. ती अट 'वीज == फलन(विसर्ग)' अशी लिहिली की नकार येतो आणि तो रास्त आहे : वक्र रेषेवरचे दोन बिंदू जोडणारा रेषाखंड त्या रेषेवर राहत नाही, म्हणून ती रेषा बहिर्वक्र संच नव्हे.

प्रचलित उपाय म्हणजे '==' च्या जागी '<=' लिहिणे. वीज फलनाएवढी किंवा त्याहून कमी, असे म्हटले की वक्राखालचा सगळा प्रदेश मिळतो आणि तो बहिर्वक्र असतो. विजेला भाव मिळत असताना हाती येणारी वीज कोणी मुद्दाम सोडणार नाही, म्हणून इष्टतम उत्तरात ही अट आपोआप समानतेने पाळली जाते. पण हे अनुमान भाव धन असण्यावर उभे आहे. एखाद्या तासाचा भाव शून्य असेल, किंवा ग्रिडला ठरावीक विजेपेक्षा जास्त नको असेल, तर उत्तरात पाणी जाते आणि वीज निर्माण होत नाही असे तास दिसू लागतात. ते चूक की बरोबर हे गणित सांगू शकत नाही. टर्बाइनला वळसा घालून पाणी सोडण्याची सोय त्या केंद्रात आहे की नाही, यावर ते अवलंबून आहे. म्हणून अशी सैल केलेली प्रत्येक अट उत्तर आल्यावर दोन्ही बाजूंची मूल्ये मांडून तपासली पाहिजे.

मुळातच बहिर्वक्र नसलेले प्रश्न

विजेचे प्रमाण विसर्ग आणि उतरण यांच्या गुणाकारावर असते. उतरण तलावाच्या पातळीनुसार बदलते, म्हणजे काटेकोरपणे पाहिल्यास दोन चलांचा गुणाकार आला. हा गुणाकार ना बहिर्वक्र ना अंतर्वक्र. कोणत्याही शब्दांत लिहिला तरी तो नाकारला जाणारच. येथे सह्याद्रीची रचना मदतीला येते. पाचशे मीटरांच्या उतरणीत तलावाची पातळी पाच मीटरांनी खाली गेली तरी फरक एक टक्का. म्हणून उतरण स्थिर धरली की पद रेषीय होते आणि चूकही सुसह्य राहते. हीच युक्ती वीस मीटर उंचीच्या धरणाला लावली तर तेच पाच मीटर पंचवीस टक्के होतात आणि उत्तर निरुपयोगी ठरते. मांडणी करणाऱ्याला गणिताइतकाच भूगोलही ठाऊक असावा लागतो तो असा.

दुसरा नेहमीचा अडथळा म्हणजे यंत्राची किमान मर्यादा. टर्बाइन एक तर बंद असते किंवा ठरावीक विसर्गापेक्षा जास्त पाण्यावर चालते. समजा ही मर्यादा सेकंदाला ५ घनमीटर आहे. शून्य चालते, पाच चालते, पण त्यांच्या मधोमध असलेले अडीच चालत नाही. रेषाखंड तुटला, बहिर्वक्रता संपली. येथे शून्य किंवा एक एवढीच मूल्ये घेणारा चल आणावा लागतो, आणि असे पूर्णांकी चल हाताळणारी सोडवणूक प्रणालीही (उदाहरणार्थ हाय्स, सीबीसी किंवा जीएलपीके) संगणकावर असावी लागते. ती नसेल तर 'या प्रकारचा प्रश्न सोडवू शकणारी प्रणाली उपलब्ध नाही' अशा आशयाचा संदेश येतो. नवखे वापरकर्ते तो मांडणीतील दोष समजून विनाकारण अटी बदलत बसतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि महाराष्ट्र शासन यांच्यात पंपाने पाणी पुन्हा वर चढवून वीज साठवणाऱ्या प्रकल्पांबाबत सामंजस्य करार झाला. त्यात शिरोटा येथील १,८०० मेगावॅट आणि भिवपुरी येथील १,००० मेगावॅटच्या प्रकल्पांचा समावेश आहे. अशा प्रकल्पाच्या मांडणीत 'निर्मिती आणि पंप एकाच तासात नको' ही अट येते. ती 'निर्मिती × पंप = ०' अशी लिहिली की पुन्हा गुणाकाराचा दोष. पण ही अट बहुधा लिहावीच लागत नाही. पंपासाठी शंभर युनिट खर्चले तर पंचाहत्तर-ऐंशी युनिटच परत मिळतात. भाव धन असेल तर दोन्ही एकदम चालवण्यात निव्वळ तोटा असल्याने इष्टतम उत्तर ते स्वतःहून टाळते. बाजारात भाव ऋण झाला तर मात्र वीज वाया घालवणेच फायद्याचे ठरते, आणि मग संगणक एका हाताने पाणी चढवून दुसऱ्या हाताने उतरवण्याचा सल्ला देतो. तशी शक्यता असेल तेथे शून्य-एक चलाला पर्याय नाही.

चिन्हे आणि आकार

'० <= विसर्ग <= कमाल' ही लेखनपद्धती वहीत सर्रास चालते; सीव्हीएक्सपायमध्ये चालत नाही, कारण पायथन तिचे दोन तुलनांत विभाजन करून पहिलीचे 'खरे की खोटे' उत्तर मागतो आणि अटीला तसे उत्तर नसते. दोन अटी वेगळ्या लिहून यादीत ठेवाव्या लागतात. त्याच कारणाने 'अँड' या शब्दानेही अटी जोडता येत नाहीत. निव्वळ '<' किंवा '>' ही काटेकोर असमानता निषिद्ध आहे. शून्याहून खरोखर मोठे हवे असेल तर किती मोठे, ते ठरवून लिहावे. मॅट्रिक्सच्या गुणाकाराला '@' आणि घटकशः गुणाकाराला 'मल्टिप्लाय' वापरावे. जुन्या उदाहरणांत मॅट्रिक्सच्या गुणाकारासाठी '*' दिसतो. तो तसाच उतरवून घेऊ नये.

आकाराचे दोष अधिक लबाड असतात. आवकेची २४ आकड्यांची ओळ आणि बाष्पीभवनाचा २४ आकड्यांचा स्तंभ न्यूमपायमध्ये एकमेकांतून वजा केले तर २४ आकडे मिळत नाहीत, २४ × २४ असा ५७६ आकड्यांचा तक्ता मिळतो, आणि तोही बिनतक्रार. पुढे कोठेतरी 'आकार जुळत नाहीत' असा संदेश येतो, तेव्हा दोष त्या ओळीत नसून पन्नास ओळी आधी असतो.

अशक्य आणि अमर्याद

प्रश्न सोडवल्यानंतर त्याची 'स्थिती' वाचणे हा दोषनिवारणाचा अनिवार्य भाग आहे. उत्तर सापडले नाही तरी संहिता बहुधा थांबत नाही. चलांची मूल्ये रिकामी राहतात, आणि त्या रिकाम्या मूल्यांशी गणित करू पाहणाऱ्या पुढच्या ओळीत भलताच संदेश उमटतो.

स्थिती 'अमर्याद' असेल तर एखादी अट राहून गेलेली असते. बहुधा पाण्याचा ताळेबंदच यादीत घातलेला नसतो किंवा आवक-जावकेच्या चिन्हांची अदलाबदल झालेली असते. 'अशक्य' स्थितीचे निदान तुलनेने अवघड असते. समजा कालव्यासाठी दिवसभर किमान ३०० क्युसेक विसर्ग हवा आणि त्याच वेळी दिवसाला ०.६ दलघमीपेक्षा जास्त पाणी सोडायचे नाही. दोन्ही अटी सुट्या पाहिल्या तर निरुपद्रवी वाटतात. पण ३०० क्युसेक म्हणजे दिवसाला सुमारे ०.७३४ दलघमी. त्यामुळे एकही उत्तर शक्य नाही.

अशा वेळी एकेक अट काढून पाहण्यापेक्षा प्रत्येक किमान अटीत 'तूट' नावाचा ऋण नसलेला चल मिळवून उद्दिष्टात त्याला मोठा दंड लावणे श्रेयस्कर. मग प्रश्न सुटतो आणि तूट किती व कोणत्या तासांत ते दिसते. येथे ती एकूण ०.१३४ दलघमी येईल. मात्र दंडाचे रूप विचारपूर्वक निवडावे. दंड तुटीच्या सरळ प्रमाणात असेल तर सगळी तूट विजेचा भाव कमी असलेल्या तासांवर जाऊन पडते आणि कालवा त्या वेळी कोरडा राहतो. दंड तुटीच्या वर्गाच्या प्रमाणात असेल तर ती सर्व तासांत पसरते. दोन्ही मांडण्या बहिर्वक्रच. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेताच्या दृष्टीने मात्र त्या सारख्या नाहीत, कारण प्रवाह तुटला की तेथवर पाणी पोहोचायला वेळ लागतो. हा निर्णय संहिता लिहिणाऱ्याने एकट्याने, नकळत घेऊ नये.

न बोलणारे दोष

पुढील ओळ पाहा : साठा[त] == साठा[त-१] + आवक[त] - विसर्ग[त]. ती शून्यापासून तेवीसपर्यंत प्रत्येक तासाला लावली. पायथनमध्ये गणना शून्यापासून सुरू होते आणि 'उणे एक' या क्रमांकाचा अर्थ 'यादीतील शेवटचा' असा होतो. त्यामुळे पहिल्या तासाचा साठा आदल्या दिवसाच्या साठ्याशी न जोडता त्याच दिवसाच्या शेवटच्या साठ्याशी जोडला जातो. तलाव स्वतःच्याच शेपटातून भरला जातो. एकही संदेश येत नाही, स्थिती 'इष्टतम' येते, आकडेही विश्वसनीय दिसतात. उपाय असा की तास २४ असले तरी साठ्याचे क्षण २५ धरावेत (कुंपणाला फळ्यांपेक्षा एक खांब जास्त लागतो तसे) आणि आरंभीचा साठा वेगळ्या अटीने स्पष्ट लिहावा.

याहून गंभीर चूक म्हणजे अखेरच्या साठ्याविषयी मौन. मांडणीत चोवीस तासच असतील तर पंचविसाव्या तासासाठी पाणी राखण्याचे कारणच संगणकाला दिसत नाही. तो यंत्रांची क्षमता परवानगी देईल तितके पाणी खाली सोडतो आणि उत्पन्न कमाल झाल्याचे कळवतो. गणित निर्दोष आहे. फक्त त्याला जून महिना कधी येतो ते कोणी सांगितलेले नाही. यासाठी अखेरच्या साठ्यावर किमान मर्यादा घालतात, किंवा शिल्लक पाण्याला भाव देऊन तो उद्दिष्टात मिळवतात. दुसरा मार्ग अधिक लवचीक आहे, पण तो भाव ठरवण्यासाठी पूर्ण हंगामाचा वेगळा विचार करावा लागतो.

एककांचे दोषही याच जातीचे. आपल्याकडे साठा दलघमी किंवा टीएमसीत आणि विसर्ग क्युसेकमध्ये सांगण्याचा प्रघात आहे. १०० क्युसेक तासभर सोडले तर सुमारे ०.०१०२ दलघमी पाणी जाते. रूपांतर न करता १०० ही संख्या थेट वजा केली तर तलाव एका तासात आटतो, आणि हा दोष लगेच लक्षात येतो. पण सेकंदाचे तास करताना ३६०० ऐवजी ६० ने गुणले, तर तलाव जवळपास भरलेलाच राहतो आणि कोणाला शंकाही येत नाही. म्हणून लहान, हाताने करता येईल असा हिशेब आधी करून त्याच्याशी उत्तर ताडून पाहणे ही जुनी शाळकरी रीत येथेही उपयोगी पडते.

एककांची निवड सोडवणूक प्रणालीलाही जाणवते. सर्व घनमीटरमध्ये लिहिले तर साठा कोटींच्या घरात आणि कार्यक्षमतेचे गुणक एकाहून लहान, अशी विषमता निर्माण होते. परिणामी 'इष्टतम, पण अचूकता अपुरी' अशी स्थिती परत येते. काही जण ती सूचना दडपतात किंवा अचूकतेची मर्यादा सैल करून वेळ निभावतात. आधी एकके अशी बदलावीत की बहुतेक संख्या एक ते हजार यांच्या दरम्यान येतील. तेवढ्याने न भागल्यास दुसरी प्रणाली वापरून पाहावी. एससीएस ही पहिल्या कोटीची पद्धत मोठे प्रश्न पेलते, पण अचूकतेत ती अंतर्बिंदू पद्धतींच्या मागे असते.

छायाकिंमत

प्रश्न सुटल्यावर सीव्हीएक्सपाय प्रत्येक अटीसोबत तिचे द्वैती मूल्य देते. अर्थशास्त्रात त्याला छायाकिंमत म्हणतात. कालव्याच्या किमान विसर्गाच्या अटीची छायाकिंमत म्हणजे ती अट एका एककाने वाढवल्यास विजेच्या उत्पन्नात होणारी घट. शून्य आली तर त्या तासाला शेतीला पाणी देण्याने विजेचे काहीच नुकसान होत नाही. पाण्याच्या वाटपावरील चर्चेत हा आकडा फार बोलका ठरू शकतो, आणि म्हणूनच तो चुकीचा वाचला जाणे महाग पडते. असमानतेच्या अटीचे द्वैती मूल्य लायब्ररी ऋण देत नाही, मग अट '<=' असो वा '>='; नफा की तोटा हे अटीची दिशा पाहून वाचकानेच ठरवायचे असते. शिवाय एकक दलघमी असेल तर तो आकडा पूर्ण एका दलघमीमागचा असतो, जेव्हा तासाचा विसर्ग त्याच्या शतांशाच्या आसपास असतो. आणि तो खरा ठरतो तो अटीतील लहान बदलापुरताच. ३०० क्युसेकला काढलेल्या छायाकिमतीने ६०० क्युसेकचा हिशेब करता येत नाही, त्यासाठी नवी मर्यादा घालून प्रश्न पुन्हा सोडवावा लागतो.